पहिलं घर भाड्याने देताना: हिशोब, कागद आणि माणूस

(पुण्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. श्रोत्यांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही शेवटी दिले आहेत.)

सभागृह भरलेलं बघून बरं वाटलं. सुरुवातीलाच हात वर करायला सांगतो. ज्यांचं दुसरं घर आहे आणि ते सध्या कुलूप लावून बंद आहे, त्यांनी हात वर करा. ... बघा, कमी नाहीत. आता ज्यांनी ते बंद ठेवलंय कारण ‘भाडेकरू बसला तर निघणार नाही’ अशी भीती वाटते, त्यांनी हात तसाच ठेवा. ... जवळजवळ सगळे हात वरच राहिले. (हशा)

हसण्यासारखं आहे, पण गंभीरही आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली होती. त्याच शहरांमध्ये माणसं भाड्याच्या घरासाठी वणवण करतायत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याचं एक मोठं कारण म्हणजे ही भीती. ती कुठून आली, आज ती कितपत खरी आहे आणि तिच्यावर उपाय काय, हे आज बघू. पण त्याआधी हिशोब.

‘भाडं येईल, त्यात हप्ता जाईल’ हे खरं आहे का?

माझ्याकडे येणारा नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘सर, कुठला भाग वाढेल?’ मी म्हणतो, ते मलाही माहीत नाही. आधी आपण जे मोजता येतं ते मोजू.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे धरतोय, तुम्ही तुमचे घाला. पुण्यात ७० लाखांचा टू बीएचके. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सर्व अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. मग पंखे, गीझर, जाळ्या, ट्रॉली, रंग, दलाली, वकील यांचे पावणेतीन लाख धरा. म्हणजे घर ७० लाखांचं असलं तरी तुमचे ७८ लाख अडकले. बांधकाम चालू असलेली सदनिका घेतलीत तर जीएसटी वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो लागत नाही.

आता भाडं महिना २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार. थांबा, लगेच भागाकार करू नका. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला यात एक महिना गेला असं धरा. राहिले २ लाख २०. सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार. मिळकतकर १२ हजार. आणि इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत असते, घर भाड्याने दिलं की ती जाते. दुरुस्ती सरासरी १५ हजार. करारनामा आणि दलाली १३ हजार. बेरीज ७० हजार. हातात उरले दीड लाख. ७८ लाखांवर दीड लाख म्हणजे वर्षाला २ टक्क्यांच्याही किंचित खाली. आणि हे आयकर भरण्याआधी.

आता हेच घर कर्जाने घेतलं. ५६ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता बसतो साधारण ४८ हजार ६००. भाड्यातून महिन्याला खरे उरतात साडेबारा हजार. म्हणजे उरलेले ३६ हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून. पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्यांपैकी पावणेपाच लाखांच्या आसपास नुसतं व्याज असतं.

याचा अर्थ घर घेऊ नका असा नाही. अर्थ एवढाच की आपल्या शहरांत राहतं घर भाड्याने देण्यासाठी विकत घेणं ही मुख्यतः किंमत वाढण्यावर लावलेली पैज असते, भाडं हा तिचा छोटा आधार असतो. पैज लावायची तर ती पैज आहे हे माहीत असू द्या. आणि एक नियम मी सगळ्यांना सांगतो: घर सलग सहा महिने रिकामं राहिलं तरी हप्ता भरता येईल एवढी रक्कम बाजूला नसेल, तर अजून थांबा.

बऱ्याच जणांकडे मात्र घर आधीच आहे. वडिलांचं, आईचं, किंवा मुलगा परदेशी गेला म्हणून रिकामं झालेलं. त्यांच्यासाठी हिशोब उलटा आहे. मेंटेनन्स आणि कर तर जातोच, बंद घरात ओल येते, नळ गंजतात. त्यांना भाडं मिळालं तर ते जवळजवळ सगळं नफ्यातच. मग अडतं कुठे? त्या भीतीपाशी.

ही भीती आली कुठून?

ती खोटी नव्हती. मुंबई भाडे कायदा १९४७ चा. युद्धानंतरची घरटंचाई, फाळणीनंतर आलेले लोंढे. त्या काळात भाडी गोठवणं समजण्यासारखं होतं. पण ‘प्रमाण भाडं’ ठरलं ते बहुतेक जुन्या घरांसाठी १९४० च्या पातळीवर, आणि तिथेच दशकानुदशकं अडकलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडणं परवडेना, आणि मधल्या मध्ये पागडी फोफावली. लोकांनी वाट काढली: भाडेकरू म्हणायचंच नाही, ‘लायसन्सी’ म्हणायचं. तर १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी घरात होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तुमच्या आजोबांच्या पिढीने हे डोळ्यांनी बघितलंय. ‘कागदावर काहीही लिहा, सरकार उद्या बदलेल’ हा संशय तिथून आलाय.

पण त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना त्याने संरक्षण कायम ठेवलं. पण ठरावीक मुदतीसाठी राहायला दिलेल्या घरासाठी, म्हणजे आपल्या लिव्ह अँड लायसन्ससाठी, त्यात कलम २४ आहे. मुदत संपली की लायसन्सीने घर सोडायचं. नाही सोडलं तर मालकाने दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं जायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय ते त्या प्रकरणात निर्णायक पुरावा मानलं जातं.

म्हणजे तुमच्या भीतीवरचं औषध कायद्यात पंचवीस वर्षांपासून आहे. फक्त ते औषध कागदावर आहे, आणि आपण कागद करत नाही.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’

हा आजच्या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

अकरा महिने हा आकडा आला कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर लोकांनी अकरा महिन्यांची युक्ती काढली. पण महाराष्ट्रात ती युक्ती चालत नाही! आपल्या १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की प्रत्येक भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिने असो की तीन. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पण खरा फटका दंडाचा नाही. त्याच कलमात पुढे म्हटलंय की नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं मानलं जाईल, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे वाक्य घरी गेल्यावर पुन्हा एकदा मनात म्हणा.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. आईच्या जुन्या दोन खोल्या मी पहिल्यांदा भाड्याने दिल्या तेव्हा एजंटने शंभराच्या स्टँपवर मजकूर टाइप करून आणला, नोटरीचा शिक्का मारला, आम्ही चहा घेतला आणि चावी दिली. भाडं नऊ हजार, काही रोख, काही चेकने. सात-आठ महिने सगळं छान. मग त्या गृहस्थाची नोकरी गेली. तीन महिने भाडं नाही. मी आवाज चढवला. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘आपलं सहा हजार ठरलं होतं, आणि तीन वर्षांसाठी ठरलं होतं.’

मी वकिलाकडे गेलो तो तावातावाने. त्यांनी ते नोटरीचं कागद बघितलं, कलम ५५ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, ‘आता तो जे म्हणतोय ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.’ रोख दिलेल्या पैशांची पावती मी कधी दिलीच नव्हती. शेवटी थकलेलं भाडं सोडलं, डिपॉझिट पूर्ण परत केलं, तेव्हा घर मिळालं. आई त्या काळात रोज विचारायची, ‘माझं घर मिळेल ना रे?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नोंदणीचे वाचवलेले हजार-दीड हजार रुपये मला त्या प्रश्नाएवढे महाग कधीच पडले नव्हते.

खर्च किती येतो बघा. आपल्या उदाहरणात २० हजार भाडं, अकरा महिने, डिपॉझिट ६० हजार. मुद्रांक शुल्क निघतं मुदतीतल्या एकूण भाड्यावर, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेवर, मिळून पाव टक्का. म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. वर ऑनलाइनची किरकोळ फी, आणि घरी येऊन करून देणाऱ्याची मजुरी. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरी बसून होतं. सत्तर लाखांच्या घरासाठी!

करारात काय असावं?

छापील नमुना मिळतो, तो चालतो. पण एवढ्या गोष्टी स्वतः वाचून बघा. मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. भाडं किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात; रोख घेऊच नका. मेंटेनन्स कोण भरणार, वीज-पाणी-गॅस कोण. नोटीस दोन्ही बाजूंनी किती दिवसांची. मुदतीच्या आत सोडल्यास काय. दुसऱ्या वर्षी वाढ किती टक्के.

आणि डिपॉझिट. भांडणं भाड्यावरून कमी, डिपॉझिटवरून जास्त होतात. रंगाचे पैसे कापणार का, किती, हे आधी लिहा. चावी देताना घरातल्या वस्तूंची यादी करा, भिंती, नळ, ओटा यांचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहा, दोघांनी सही करा. भिंत दोन वर्षांत मळते, ती वापराची झीज. तिचे पैसे मागू नका. फुटलेलं बेसिन वेगळं.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं विसरू नका. शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात, आणि ती ऑनलाइन भरता येते. सोसायटीला कराराची प्रत द्या. सोसायटी ‘बिनभोगवटा शुल्क’ घेऊ शकते, पण ते किती? राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि त्यात मिळकतकर धरायचा नाही. मेंटेनन्सच्या बिलात सेवा शुल्क १५०० असेल तर जास्तीत जास्त १५० रुपये. महिना दोन हजार मागणारी सोसायटी असेल तर हा आदेश नम्रपणे दाखवा.

भाडेकरू कसा निवडायचा?

आडनावावरून नाही. मी हे स्पष्ट बोलतो. ‘अमुक जात नको, तमुक धर्म नको, एकट्या मुली नकोत’ असे निकष लावणाऱ्यांना भाडं वेळेवर मिळतं असा माझा अनुभव नाही. तीन गोष्टी बघा: उत्पन्न भाड्याच्या साधारण तिप्पट आहे का, आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलता येतं का, आणि करार नोंदवायला तो तयार आहे का. तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो, त्याला चावी देऊ नका. एजंट टाळाटाळ करत असेल तर एजंट बदला.

आणि चावी दिली की ते त्याचं राहतं घर. मालक आहात म्हणून न सांगता जायचं नाही. फोन करा, वेळ घ्या. गीझर बिघडला तर आठवड्याने नाही, उद्या माणूस पाठवा. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडायची नाही. तसं केलं तर बरोबर असलेला माणूसही कायद्यापुढे चूक ठरतो. कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं हेही नाही.

माझ्या त्या पहिल्या भाडेकरूबद्दल पुष्कळ वर्षं मनात राग होता. नंतर कळलं की तो निघत नव्हता कारण नोकरी नसलेल्या माणसाला दुसरं कोणी घर देत नव्हतं, आणि मुलगी दहावीला होती. त्याने खोटं बोलायला नको होतं, हे खरंच. पण नोंदणीकृत करार असता तर खोटं बोलायला त्याला जागाच उरली नसती, आणि आमची दोघांची भाषाही बिघडली नसती. चांगला कागद मालकाला वाचवतो तसा भाडेकरूलाही वाचवतो: मध्येच काढता येत नाही, भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही, डिपॉझिट बुडवता येत नाही. कागद हा अविश्वास नाही, मंडळी. दोघांनी शांत डोक्याने केलेलं बोलणं आहे ते, डोकं गरम झाल्यावर वाचण्यासाठी.

श्रोत्यांचे प्रश्न

*भाड्यावर आयकर किती लागतो?*

मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करा. उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते; दुरुस्ती, मेंटेनन्स सगळं त्यातच आलं, पावत्या वेगळ्या जोडायच्या नाहीत. आपल्या उदाहरणात २ लाख २० हजारांतून १२ हजार गेले, राहिले २ लाख ८. त्याचे ३० टक्के गेले की १ लाख ४५ हजार ६०० तुमच्या उत्पन्नात धरले जातील. कर्जाचं व्याज असेल तर तेही वजा होतं. व्याजामुळे तोटा दिसला तर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत तो पगारासारख्या उत्पन्नातून वजा करता येतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. नव्या पद्धतीत पगारातून वजा करता येत नाही. म्हणून ‘कर वाचवायला दुसरं घर’ हा सल्ला ऐकताना तुम्ही कोणत्या पद्धतीत आहात ते आधी बघा.

*मुलगा अमेरिकेत आहे, घर त्याच्या नावावर आहे. भाडं माझ्या खात्यात घेतलं तर चालेल?*

भाड्याचं उत्पन्न ज्याचं घर त्याचं, खातं कोणाचंही असो. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, उपकर धरून साधारण ३१.२ टक्के. इथे ५० हजारांची मर्यादा लागत नाही. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीत नसतं आणि नोटीस त्यांना येते. आधीच सांगा. प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर मुलाने विवरणपत्र भरून परतावा घ्यायचा. करारावर सही करायला तुम्हाला त्याचं कुलमुखत्यारपत्र लागेल. ते तो इथे आलेला असतानाच करून घ्या.

*माझ्याकडे जुना नोटरीचा करार आहे, भाडेकरू चांगला आहे. आता काय करू?*

उत्तम प्रश्न. भाडेकरू चांगला आहे, संबंध चांगले आहेत, हीच वेळ आहे. त्यांच्याशी बोला, पुढच्या महिन्यापासूनचा नवा करार करा आणि नोंदवा. खर्च तुम्ही करा. भांडण झाल्यावर कोणी सही करत नाही.

*आणि बंद घर?*

तुम्ही मघाशी हात वर केला होतात ना, काका? (हशा) कुलूप उघडा, खिडक्या उघडा, आठ दिवस घर वाऱ्यावर राहू द्या. नळ दुरुस्त करा. मग चांगला माणूस शोधा, करार नोंदवा आणि चावी द्या. तारीख कागदावर असेल तर घर परत मिळतं.